"कुणाचा रं तू?" असं विचारणारं गल्लीत कोण उरलंय?

आधी पत्र देते, थोडं छोटं केलंय आणि कॉलनीचं नाव मुद्दाम काढलंय.

"ताई नमस्कार. आम्ही सांगलीत पूरपट्ट्यातल्या एका कॉलनीत राहतो. शेजारचं घर २०१९ च्या महापुरापासून बंद आहे, मालक पुण्याला मुलाकडं गेले ते परत राहायला आलेच नाहीत. आधी कुणीतरी एक खिडकी फोडली, मग दाराची कडी गेली, मग नळाच्या तोट्या, आता आत दारूच्या बाटल्या आणि बाहेर अख्ख्या कॉलनीचा कचरा. समोरच्या पोलवरची लाइट पाच महिने बंद आहे. दिवाळीनंतर माझ्या ॲक्टिव्हाची बॅटरी गेली, दोघांच्या गाडीतलं पेट्रोल गेलं, आणि मागच्या महिन्यात जावेच्या गळ्यातलं मंगळसूत्र संध्याकाळी साडेसातला गाडीवरनं आलेल्या दोघांनी ओढून नेलं. मिस्टर म्हणतात घर विकू, नाहीतर त्या प्लॉटला आठ फुटी पत्रे मारून टाकू. सासूबाई म्हणतात पलीकडच्या वस्तीतली पोरं आहेत, पोलिसांना सांगून सगळ्यांना उचलायला लावा. आणि माझा चौदा वर्षांचा मुलगा हल्ली त्याच पोरांबरोबर त्या घराच्या पायरीवर बसलेला दिसतो. घाणीमुळं गुन्हे वाढतात असं कुठंतरी वाचलं. खरं आहे का हे? आणि आम्ही काय करायचं? पुरात हीच कॉलनी एक झाली होती ओ, आमच्या गच्चीवर अकरा घरांचा स्वयंपाक एकत्र होत होता. — एक घाबरलेली आई"

ताई, सगळ्यात आधी जावेबद्दल विचारते. मान कशी आहे त्यांची? मंगळसूत्र ओढताना नुसतं सोनं जात नाही, मानेवर वळ उठतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ती बाई पुढं कित्येक महिने संध्याकाळी घराबाहेर पडत नाही. एफआयआर झाली का ते पत्रात लिहिलं नाही तुम्ही. झाली नसेल तर हा लेख अर्धवट ठेवून आधी पोलीस ठाण्यात जा. १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा आलाय, भारतीय न्याय संहिता, त्यात असं हिसकावून नेणं हा वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. साध्या अर्जावर भागवू नका, एफआयआर नोंदवा आणि कॉपी मागून घ्या, ती फुकट मिळते. बॅटरीची आणि पेट्रोलचीसुद्धा तक्रार द्या. "एवढ्याशासाठी कोण जातंय" म्हणून आपण जात नाही आणि मग काय होतं, पोलिसांच्या कागदावर तुमची कॉलनी एकदम शांत दिसते, एकही गुन्हा नाही, मग तिथं रात्रीची गस्त कशाला वाढवतील ते?

आता तुमचा प्रश्न. घाणीमुळं गुन्हे वाढतात का. अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी जगात लोकांचे फार हाल झालेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हा विचार गाजला तो मार्च १९८२ मध्ये. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग या दोन अमेरिकन अभ्यासकांनी एका मासिकात लेख लिहिला की एखाद्या इमारतीची एक खिडकी फुटली आणि ती तशीच राहू दिली तर बाकीच्या खिडक्या पण लवकरच फुटणार, कारण न दुरुस्त झालेली खिडकी सगळ्यांना सांगत असते की इथं कुणाला पडलेली नाही. तुमच्या शेजारच्या घरात काय झालं बघा, खिडकी, मग कडी, मग तोट्या. अगदी त्याच क्रमानं.

त्या लेखात त्यांनी एक जुना प्रयोग सांगितलाय तो मला तुमच्या सासूबाईंसाठी मुद्दाम सांगायचाय. १९६९ मध्ये फिलिप झिम्बार्डो नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दोन गाड्या घेतल्या, नंबरप्लेट काढल्या, बॉनेट उघडं ठेवलं, एक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स या गरीब भागात लावली आणि दुसरी कॅलिफोर्नियात पालो अल्टो या सुखवस्तू गावात. ब्राँक्समधल्या गाडीला दहा मिनिटांत हात लागला. आणि पहिले आले ते कोण? आई, बाप आणि बरोबर त्यांचं लहान पोरगं! रेडिएटर आणि बॅटरी काढून घेऊन गेले. चोवीस तासांत गाडीत किमतीचं काही उरलं नाही आणि हात मारणारे बहुतेक चांगले कपडे घातलेले, सभ्य दिसणारे लोक होते. पालो अल्टोतली गाडी आठवडाभराहून जास्त जशीच्या तशी उभी राहिली, मग झिम्बार्डोनं स्वतः घण घालून थोडी फोडली आणि बघता बघता रस्त्यानं जाणारे सामील झाले, काही तासांत गाडी उलटी पडली होती. म्हणजे श्रीमंत गाव का गरीब गाव हा प्रश्न पहिल्या घावापर्यंतच टिकला. ॲक्टिव्हाची बॅटरी कुणी नेली ते मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, आणि सासूबाईंनाही नाही ओ.

दुसरं उदाहरण नेदरलँड्समधलं आहे, ग्रोनिंगन गावातलं, २००८ मध्ये छापून आलं. एका गल्लीत लोक सायकली लावायचे, संशोधकांनी प्रत्येक हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवला आणि जवळपास कचरापेटी ठेवली नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा शंभरातल्या ३३ जणांनी कागद तिथंच टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलला अडकवला, आणि त्याच भिंतीवर रंगानं खरडून ठेवलं तेव्हा ६९ जणांनी. मग त्यांनी पुढची पायरी केली, पोस्टाच्या पेटीतनं अर्धवट बाहेर आलेलं पाकीट, आत पाच युरोची नोट बाहेरनं दिसतेय. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते पाकीट लांबवलं, पेटी खरडलेली असताना २७ टक्क्यांनी आणि खाली कचरा असताना २५ टक्क्यांनी. तीच नोट, तोच रस्ता, तसेच येणारे जाणारे. कचरा बघून माणसाचा हात सैल होतो, हे यावरनं मला पटतं.

पण हे पाकिटापर्यंत. मंगळसूत्र ओढणारा कचरा बघून चोर झालेला नसतो, तो आधीच ठरवून आलेला असतो, त्याला फक्त जागा निवडायची असते. आणि जागा निवडताना तो उकिरडा बघत नाही, तो बघतो की इथं कुणी विचारणारं आहे का. बंद लाइट, बेवारस घर, साडेसातलाच दारं लावून टीव्हीपुढं बसलेली माणसं. तुमच्या गल्लीत ही सगळी उत्तरं त्याला गाडीवरनं न उतरताच मिळतात.

माझं लहानपण गावभागातलं. आमची आज्जी जेवणं झाली की जोत्यावर शेंगा फोडत बसायची, पुढ्यात सूप, बाजूला टरफलांचा ढीग, नजर सुपात आणि कान रस्त्यावर. अनोळखी पोरगं गल्लीत शिरलं की मान वर न करता विचारायची, "कुणाचा रं तू?" त्यात धमकी नव्हती, संशय पण फार नव्हता, पोरगं म्हणायचं अमक्याचा भाचा, की लगेच "बस, पाणी पी". पण ज्याला उत्तर देता यायचं नाही तो दुसऱ्यांदा त्या गल्लीत यायचा नाही. आमच्या गल्लीत तेव्हा उघडी गटारं होती, शेण होतं, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल. स्वच्छ म्हणावी अशी गल्ली नव्हतीच ती. तरी पोरी रात्री नऊला एकट्या दळण घेऊन यायच्या.

आणि ही नुसती माझ्या माहेरची आठवण नाही. शिकागोत रॉबर्ट सॅम्पसन आणि स्टीफन रॉडेनबुश यांनी १९९५ मध्ये गाडीला कॅमेरे लावून शहरातल्या २३ हजारांहून जास्त रस्त्याच्या तुकड्यांचं शूटिंग केलं, कुठं बाटल्या, कुठं कचरा, कुठं टोळकी, सगळं मोजलं, आणि गुन्ह्यांच्या आकड्यांशी ताडून बघितलं. १९९९ मध्ये निष्कर्ष आला. घाण आणि गुन्हे एकत्र दिसतात हे खरं, पण त्या भागातली गरिबी आणि शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा भरवसा हिशेबात धरला की घाणीचा थेट संबंध बहुतेक गुन्ह्यांत जवळपास उरतच नाही. लुटालुटीत तेवढा थोडा उरला, त्यामुळं तुमची काळजी अगदीच चुकीची आहे असं नाही म्हणणार मी. पण खरा फरक पडत होता तो दुसऱ्याच गोष्टीनं. त्यांनी लोकांना साधे प्रश्न विचारले होते, शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर बसली असतील तर तुमचे शेजारी काही बोलतील का? घरासमोर मारामारी झाली तर कुणी मध्ये पडेल का? जिथं लोक "हो, बोलतील" म्हणाले तिथं गुन्हे कमी. वाचलं तेव्हा मला आज्जीच आठवली.

आता सासूबाईंचा उपाय, "सगळ्यांना उचला". न्यूयॉर्कनं हा करून बघितलाय. १९९० साली तिथं वर्षाला २,२०० च्या वर खून होत होते. १९९४ पासून महापौर जुलियानी आणि पोलीस आयुक्त ब्रॅटन यांनी लहानसहान गोष्टींवर पण धरपकड सुरू केली, विना तिकीट प्रवास, रस्त्यावर दारू, आणि १९९८ पर्यंत खून साडेसहाशेच्या आत आले. सगळ्या जगानं टाळ्या वाजवल्या. पण त्याच वर्षांत सॅन दिएगोसारख्या शहरांत अशी धरपकड न करता, लोकांबरोबर बसून काम करून गुन्हे तसेच खाली आले, त्यामुळं श्रेय नेमकं कशाला द्यायचं यावर अभ्यासक अजून भांडतात. आणि या धोरणाची किंमत कुणी मोजली ते ऐका. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी रस्त्यात ६ लाख ८० हजारांच्या वर वेळा लोकांना थांबवलं, बहुतेक काळे आणि लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाचे तरुण, आणि दहातल्या जवळपास नऊ वेळा हाताला काहीच लागलं नाही. २०१३ मध्ये कोर्टानं सांगितलं की ज्या पद्धतीनं हे चाललंय ते राज्यघटनेला धरून नाही. पुढं लोकांना असं रस्त्यात थांबवणं एकदम कमी झालं, आणि गुन्हे काही उसळले नाहीत. २०१४ मध्ये सुट्या सिगारेटी विकतो म्हणून एरिक गार्नर नावाच्या माणसाला पोलिसांनी धरलं, गळा आवळला गेला, "मला श्वास घेता येत नाही" म्हणत तो गेला. सुट्या सिगारेटी! आपल्याकडं प्रत्येक पानपट्टीवर मिळतात.

म्हणून सांगते, पलीकडच्या वस्तीतली पंचवीस पोरं पोलिसांच्या गाडीत घालणं म्हणजे साप समजून भुई थोपटणं आहे. त्यातली दोन पोरं खरंच वाईट नादाला असतील, पण तेवीस जणांना तुम्ही कायमचं शत्रू करून बसाल आणि ती तेवीस पोरंच उद्या गाडीवरनं आलेल्या दोघांना ओळखू शकतात. त्याच सॅम्पसन आणि रॉडेनबुश यांनी पुढं २००४ मध्ये दाखवलं की वस्ती काळ्या किंवा गरीब लोकांची असेल तर कचरा तेवढाच असून लोकांना जास्त घाण आणि जास्त बेशिस्त "दिसते". आपल्याकडं "वस्तीतली पोरं" म्हटलं की काय डोळ्यापुढं येतं ते आपलं आपल्याला माहीत आहे. तुमच्या पत्रातच आहे की बाहेरचा ढीग "अख्ख्या कॉलनीचा कचरा" आहे. तो वस्तीतनं आलेला नाही ना ताई. सकाळी घंटागाडी चुकली की गाठ मारलेली पिशवी त्या गेटातनं आत भिरकावणारे हात आपल्याच घरातले आहेत.

इथं मला आमचं एक सांगायचंय, अजून मनाला लागून आहे ते. आम्ही आता विश्रामबागेकडं राहतो. सोसायटीच्या मागच्या भिंतीला लोक कचरा टाकायचे, कोपऱ्यात लघवीला उभे राहायचे. सगळे करतात तसं आम्ही देवांच्या टाइल्स लावल्या, गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का मदिना, सगळे एका ओळीत. काय झालं, लोक चार फूट पुढं सरकले, बस्स. मग एक इस्त्रीवाला आला, त्यानं झाडाखाली टेबल टाकलं, वर एक बल्ब लावला, सकाळी आठ ते रात्री नऊ उभा असायचा, बायको दुपारी डबा घेऊन यायची ती तिथंच बसायची. महिन्याभरात कचरा बंद. त्यानं कुणाला टोकलं पण नव्हतं, तिथं एक माणूस उभा आहे एवढंच पुरलं. कॉलेजवरनं येणाऱ्या मुली मुद्दाम त्या बाजूनं यायला लागल्या. आणि मग आमच्यातल्याच कुणीतरी अतिक्रमण म्हणून तक्रार केली, टेबल उचललं गेलं, आणि मी त्या मीटिंगला होते ताई, मी गप्प बसले. पंधरा दिवसांत पहिली गाठ मारलेली पिशवी आली. रस्त्यावरचा गाडा, टपरी, चप्पल शिवणारा, हे सगळं "बेशिस्त" म्हणून काढून टाकलं की रस्ता फोटोत छान दिसतो, पण रस्त्याचे डोळे जातात. न्यूयॉर्कमध्येच राहणाऱ्या जेन जेकब्स या बाईंनी १९६१ सालीच हे लिहून ठेवलंय, की रस्ता सुरक्षित राहतो तो तिथल्या दुकानदारांच्या, दारात बसलेल्यांच्या नजरेनं.

त्यामुळं मिस्टरांच्या आठ फुटी पत्र्यांना माझा पूर्ण विरोध. पत्रे मारले की तुम्हाला घाण दिसणार नाही, पण आत बसणाऱ्यांना पण कुणी दिसणार नाही आणि ते कुणाला दिसणार नाहीत, म्हणजे तुम्ही स्वतःच्या खर्चानं त्यांना खोली बांधून दिली. अमेरिकेत फिलाडेल्फियात याच्या बरोबर उलटं केलं. ५४१ मोकळे बेवारस प्लॉट घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गटांत वाटले. काही प्लॉट साफ करून, जमीन सपाट करून गवत आणि थोडी झाडं लावली आणि भोवती लाकडी बुटकं कुंपण घातलं, त्यात माणूस आत जाईल एवढी वाट सोडली. काही ठिकाणी फक्त कचरा उचलला आणि गवत कापत राहिले. काही तसेच सोडले. २०१८ मध्ये निकाल आला, गरीब भागांत सुधारलेल्या प्लॉटांच्या आसपास गोळीबाराच्या घटना २९ टक्क्यांनी कमी झाल्या. आपल्या सांगलीत गोळीबाराचा प्रश्न तसा नाही, पण कारण तेच लागू पडतं, झुडपात हत्यार आणि माल लपवायला जागा राहत नाही आणि लोक तिथं येऊन बसायला लागतात. कुणाला अटक नाही, कुणाला हाकललं नाही. कुंपण बुटकं होतं हे लक्षात ठेवा, कमरेएवढं. मिस्टरांना हेच सांगा, खर्चच करायचा तर कमरेएवढी जाळी मारा.

लाइटचं पण तसंच. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींत मोठे दिवे लावून बघितले, तेही चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून, तिथं रात्री उघड्यावर होणारे गंभीर गुन्हे साधारण ३६ टक्क्यांनी घटले. एका पोलमुळं असा चमत्कार होईल असं म्हणत नाही, पण पाच महिने अंधार म्हणजे फार झालं हो. तुम्ही लाइटची तक्रार तोंडी केली असणार, नगरसेवकाला फोन, वायरमनला रस्त्यात गाठून. तसं नको. पोलवर नंबर रंगवलेला असतो तो टॉर्च लावून वाचा, तो नंबर घालून लेखी अर्ज द्या, झेरॉक्सवर पोच शिक्का घ्या आणि तारीख फ्रीजवर लिहून ठेवा. काही झालं नाही तर माहिती अधिकारात विचारा की अमुक नंबरच्या पोलची तक्रार कुठपर्यंत आली, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

घराचं जरा नाजूक आहे. मालकांवर सगळे चिडले असाल, पण तो माणूस घर टाकून का गेला ते एकदा आठवा. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीस, आणि त्या घराच्या भिंतीवर पाण्याची ती मातकट रेघ अजून असेल, बहुतेक दाराच्या चौकटीच्या वर. त्यांनी साफ करून परत यायचं ठरवलं असेल आणि २०२१ ला पुन्हा पाणी आलं. माणूस खचतो. म्हणून नोटिशीची भाषा नंतर, आधी फोन. नंबर कुणाकडंच नसेल तर सिटी सर्व्हे ऑफिसातनं प्रॉपर्टी कार्ड काढा, गुंठेवारीतला प्लॉट असेल तर सातबारा बघा, नाव मिळेल, आणि नावावरनं सांगलीत नातेवाईक सापडत नाहीत असं होत नाही. फोनवर एवढंच मागा, आम्ही कॉलनीतले साफ करून घेतो, दार आणि खिडक्या बंद करतो, तुमची परवानगी व्हॉट्सॲपवर लिहून द्या. जमलं तर अर्धा खर्च मागा. आणि एक विचारा, एखादं गरजू कुटुंब राखणीला ठेवता का, भाडं कमी घ्या पण रीतसर करार करून, कारण राहतं घर ही सगळ्यात स्वस्त राखण आहे. फोननं जमलं नाही तर मग महापालिकेला लेखी द्या, पडायला आलेलं किंवा घाण साचलेलं घर असेल तर मालकाला नोटीस काढायचा अधिकार त्यांना आहे. आणि साफ करायला उतरण्याआधी सर्पमित्राला एकदा आत फिरवून आणा, पुराचा गाळ, ओल आणि एवढी वर्षं सडलेल्या गाद्या, आत काय असेल सांगता येत नाही. लहान पोरांना त्या दिवशी लांब ठेवा.

आता मुलगा. पत्रातलं शेवटचं वाक्य गच्चीचं होतं पण तुमचा जीव मुलाच्या वाक्यात अडकलाय हे मला कळतंय. त्याला "तिथं बसायचं नाही" म्हणू नका, तो उद्या दुसऱ्या पायरीवर बसेल जी तुम्हाला दिसत नाही. त्याला त्या पोरांची नावं विचारा. चौकशी म्हणून नाही, जेवताना, सहज. कोण कुठल्या शाळेत, कुणाचे वडील काय करतात, कोण चांगलं क्रिकेट खेळतो. त्याला पाच नावं सांगता आली तर तुम्हाला अर्धी कल्पना येईल, आणि एखाद्याच्या नावावर तो अडखळला, विषय बदलला, तर तिथं लक्ष ठेवा. दारू पिणारी रात्रीची मोठी पोरं आणि संध्याकाळी मोबाइल बघत बसणारी ही पोरं एकच आहेत का, ते पण कळेल, मला तरी शंका आहे. आणि कधी गोळ्या, हुंगायचं सोल्युशन, गांजा असलं काही हाताला लागलं, डोळे लाल, पैसे गायब, झोपेचं तंत्र बिघडलेलं दिसलं, तर मारझोड करू नका आणि लपवूही नका, १४४४६ हा नशामुक्तीचा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे, लगेच बोला. रात्री आत मोठी माणसं पिऊन दंगा करत असतील तर मिस्टरांना एकट्यांना पाठवू नका, ११२ लावा.

घर विकायचं का? आत्ता विकू नका. एक तर शेजारी असा उकिरडा असताना भाव पडेल, आणि दुसरं, तुम्ही गेलात तर तुमच्या शेजाऱ्याच्या बाजूला दुसरं बंद घर तयार होईल. सहा महिने द्या. सहा महिन्यांत लाइट लागली नाही, मालक सापडला नाही आणि अकरातली चार घरंही एकत्र आली नाहीत, तर मला परत लिहा, मग विकण्याबद्दल बोलू, तेव्हा मी अडवणार नाही.

पण चार घरं येतील असं मला वाटतं. ज्या बायकांनी आठवडाभर एका गच्चीवर, एका गॅसवर अकरा घरांचं भात-पिठलं रांधलंय त्यांना एका रविवारी सकाळी झाडू घेऊन बोलवायला ग्रुपवर मेसेज टाकू नका, दारात जाऊन हाक मारा. वस्तीतल्या दोन-तीन बायकांना पण बोलवा, त्यांच्या पोरी त्याच अंधारातनं क्लासला जातात. पोरांनाही बोलवा, ती पायरीवरची, चहा-नाष्टा द्या, आणि काम झाल्यावर कोपऱ्यात त्यांना कॅरमला जागा सोडा, वरती बल्ब लावून.

आणि सासूबाईंचं काय करायचं विचाराल तर त्यांचं काम सगळ्यात महत्त्वाचं आहे. रोज साडेसहाला गेटबाहेर त्यांना खुर्ची टाकून द्या, पुढ्यात मेथी निवडायला द्या नाहीतर शेंगा फोडायला, साडेआठपर्यंत बसू दे. पलीकडचं पोरगं आलं की हाकलायचं नाही, विचारायचं, "कुणाचा रं तू?" आणि त्यानं उत्तर दिलं की मूठभर शेंगा त्याच्या हातावर ठेवायच्या. जाऊबाईंना पण शेजारी दुसरी खुर्ची टाका, त्यांना परत बाहेर बसायची सवय व्हायला हवी.